वार चुकला तर एक मिळवा

संगणक म्हणाला १८४१०४, गणेश दैवज्ञ म्हणाले १८४०९४. दहा दिवसांची तफावत. त्या रात्री मी बिनदिक्कत दैवज्ञांना चूक ठरवलं आणि झोपलो.

दोन तारखांमधले दिवस मोजायच्या युक्त्या गोळा करायचा मला जुना नाद आहे. गणेश दैवज्ञांचं 'ग्रहलाघव' मात्र ग्रहांचं पुस्तक म्हणून मी कितीतरी वर्षं बाजूला ठेवलं होतं. कोकणकिनाऱ्यावरच्या नांदगावचा कर्ता, शके १४४२ चा आरंभ, ज्या-चापांची कटकट टाळल्यामुळे जोशीमंडळींचा लाडका ग्रंथ, हे सगळं ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या वाचकांना ठाऊकच असतं. मी अडकलो ते अहर्गणाच्या दोन श्लोकांत.

अहर्गण म्हणजे ठरलेल्या आरंभापासून उलटलेले दिवस. कलियुगापासून मोजायचे तर गणेशांच्या काळीच ते सोळा लाखांवर गेले होते. एवढा आकडा दर ग्रहासाठी कोण गुणत बसणार? त्यांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक 'चक्र' बांधलं. मग हातात उरतो तो फार तर चार अंकी आकडा.

करूनच पाहू. २०२४ चा गुढीपाडवा, शके १९४६. त्यातून १४४२ गेले, राहिले ५०४. अकराने भागून चक्रं ४५, बाकी ९. नऊ वर्षांचे महिने १०८. त्यांत चक्रांची दुप्पट आणि वर १० मिळवून ३३ ने भागा: अधिकमास ६, उरलेलं सोडून द्या. महिने झाले ११४, तिथी ३४२०. चक्रांचा सहावा भाग ७ मिळवा, ३४२७. त्याला ६४ ने भागून येणाऱ्या ५३ क्षयतिथी वजा करा. ३३७४. वर ४५ चक्रांचे १८०७२०, म्हणजे एकूण १८४०९४.

त्या 'सहाव्या भागा'ने मला बरेच दिवस छळलं. एका चक्रात १३६ चांद्रमास बसतात, आणि त्यांचे दिवस होतात ४०१६ वर साधारण एक षष्ठांश. तो षष्ठांश गणेश साठवत राहतात आणि सहा चक्रांनी एक अख्खा दिवस परत करतात. लीप वर्षाच्याच जातीची ही युक्ती.

माझ्या संग्रहातली दुसरी युक्ती संगणकाची: १९६८ साली फ्लीगेल आणि व्हॅन फ्लँडर्न यांनी एसीएम या संगणकसंस्थेच्या मासिकात फोरट्रान भाषेतलं एका ओळीचं सूत्र छापलं. तारीख घाला, दिवसांचा सलग क्रमांक घ्या. दोन क्रमांकांची वजाबाकी केली की काम झालं. तिथेही सगळा खेळ बाकी सोडून देण्याचाच. महिन्यातून १४ वजा करून १२ ने भागलं की जानेवारी-फेब्रुवारीला उणे एक येतो, इतरांना शून्य, कारण फोरट्रान अपूर्णांक छाटून टाकतो. हे दोन महिने मागल्या वर्षाच्या शेपटाला जातात आणि २९ फेब्रुवारी आपोआप वर्षअखेरीस पडतो. एकही 'जर-तर' नाही. मला ही ओळ एखाद्या दागिन्यासारखी वाटते. फक्त चुकलेली तारीख घातली तरी ती तितक्याच तोऱ्यात उत्तर देते.

माझ्या दहा दिवसांचं तेच झालं होतं. ग्रंथाचा आरंभदिवस १९ मार्च १५२०, तोही ज्युलियन पंचांगातला. मी वापरलेल्या पायथॉनच्या तारखांना ते पंचांग ठाऊकच नाही. १५८२ ची ग्रेगोरियन दुरुस्ती त्या थेट इ.स. १ पर्यंत मागे ताणतात. तिथे २९ मार्च लिहायला हवं होतं. लिहिलं. १८४०९४.

गणेशांनी तपासणीही त्याच श्लोकांत बांधून दिली आहे. ४०१६ ला साताने भागलं की ५ उरतात. म्हणून चक्रांची पाचपट चालू चक्राच्या अहर्गणात मिळवा, साताने भागा आणि बाकी सोमवारपासून, म्हणजे आरंभदिवसाच्या वारापासून, मोजा. ३३७४ अधिक २२५, बाकी १: मंगळवार. ९ एप्रिल २०२४ ला मंगळवारच होता. वार जुळला नाही तर अहर्गणात एक कमी-जास्त करायचा, ही ज्योतिषांची रीत. पुढच्याच वर्षीच्या पाडव्याला मला ३७२८ मिळाले, वार शनिवार. पाडवा होता ३० मार्चला, रविवारी. एक मिळवला.

त्या रात्री मी पायथॉनला नुसता वार विचारला असता तरी भागलं असतं. १९ मार्च १५२० ला तो शुक्रवार सांगतो.