जुन्या रूपातील नवे कोडे

संगणकाची शक्ती प्रतिवर्षी वाढत असताना काही खेळकर्त्यांनी बुद्ध्याच जुन्या, ठोकळेबाज चित्रपद्धतीचा आश्रय करावा, ही घटना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून, एकट्याने किंवा दोघाचौघांनी मिळून रचलेल्या खेळांत, ज्यांस 'इंडी' अशी संज्ञा रूढ झाली आहे, ही प्रवृत्ती विशेष आढळते. तिचे स्पष्टीकरण स्मरणरंजन या एका शब्दाने करून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. टेरी कॅव्हानाह या आयरिश रचनाकाराने जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका खेळाच्या आधारे ते कोठे अपुरे पडते हे पाहता येईल.

या खेळाचे नावच चमत्कारिक आहे. रोमन लिपीतील 'व्ही' हे अक्षर सहा वेळा लिहिले की ते पूर्ण होते. भरकटलेल्या अवकाशयानातील सहाही व्यक्तींची नावे याच अक्षराने आरंभ पावतात. व्हिरिडियन हा त्यांचा कप्तान. इतर पाच सहकारी एका अपरिचित मितीत विखुरले गेले असून त्यांना शोधून आणणे हे त्याचे कार्य. त्या अक्षरांची रांग कागदावर पाहिली तर ती टोकदार खिळ्यांच्या ओळीसारखी दिसते, आणि खेळात पदोपदी मृत्यू येतो तो अशाच खिळ्यांवर.

दृश्यरूपाचा आदर्श आहे कमोडोर ६४ या १९८२ सालच्या घरगुती संगणकाचा. त्या यंत्राची स्मृती ६४ किलोबाइट, रंग १६ आणि ध्वनीचे एकाच वेळी ऐकू येणारे स्वर ३. कॅव्हानाहच्या बालपणीचे हे यंत्र. तथापि त्याच्या मर्यादांचे काटेकोर पालन येथे केलेले नाही. मॅग्नस पोलसन या स्वीडिश संगीतकाराच्या रचना त्या यंत्राच्या ध्वनीची आठवण करून देतात, पण त्या आधुनिक साधनांवर तयार झालेल्या आहेत. (त्याच्या संग्रहाचे नाव 'पी' हे अक्षर सहा वेळा लिहून केलेले आहे, आणि त्यातील प्रत्येक रचनेचे शीर्षकही 'पी'नेच सुरू होते.) म्हणजे उचलले आहे ते जुन्याचे वळण, जुन्याची विवशता नव्हे.

खरी मर्यादा रचनाकाराने स्वतःहून घालून घेतली आहे, आणि ती दृश्याची नसून कृतीची आहे. या जातीच्या बहुतेक खेळांत नायक उडी मारतो. व्हिरिडियनला उडी मारता येत नाही. त्याला डावी-उजवीकडे चालता येते आणि गुरुत्वाची दिशा उलटविता येते. कळ दाबताच तो छताकडे 'पडतो' आणि छतावर पाय टेकून चालू लागतो. ही क्रिया पाय कोठेतरी टेकलेले असतानाच करता येते. अधांतरी असताना विचार बदलण्याची सोय नाही. गुरुत्व उलटविण्याची कल्पना अगदीच नवी होती असे नव्हे. आयरेम या जपानी कंपनीच्या १९९१ च्या 'मेटल स्टॉर्म' या खेळात ती होती. मात्र तेथे ती शस्त्रास्त्रांच्या जोडीला आलेली एक युक्ती होती, येथे तिच्यावाचून दुसरे काही नाही. गणवृत्तात श्लोक रचण्याची खटपट ज्याने केली आहे, त्यास एक नियम कल्पनेला कसा कामाला लावतो हे वेगळे सांगावयास नको.

या एका क्रियेतून किती प्रकारची कोडी निघतात ते पाहण्याजोगे आहे. एका विभागात हवेत ताणलेल्या रेषा आहेत; त्यांना स्पर्श होताच गुरुत्व आपोआप उलटते. दुसऱ्यात दालनाच्या एका कडेने बाहेर पडलेला कप्तान समोरच्या कडेने आत येतो. एके ठिकाणी सापडलेला सहकारी सोबत न्यावयाचा असतो: कप्तान जमिनीवर असेल तर तो मागोमाग येतो, छतावर असेल तर जागीच थांबतो. आज्ञा देण्यासाठी निराळी कळ नाही. स्वतःचे स्थान हीच आज्ञा.

परंतु या खेळाचा गाभा ज्या एका स्थळी प्रकट होतो, तेथे थोडे थांबणे अवश्य आहे. खेळात एकूण २० चकाकत्या वस्तू दडविलेल्या आहेत. त्यांपैकी एक अगदी समोर दिसते. मध्ये अडथळा आहे तो गुडघाभर उंचीच्या एका ठोकळ्याचा. अन्य कोणत्याही खेळातील नायकाने तो सहज ओलांडला असता. व्हिरिडियनने मात्र गुरुत्व उलटवून वर पडावे, एकावर एक रचलेल्या खिळेदार दालनांतून अंग चोरीत शिखर गाठावे, तेथे पुन्हा गुरुत्व उलटवावे आणि तोच मार्ग उलट क्रमाने काटून ठोकळ्याच्या पलीकडच्या अंगाला उतरावे. वाटेत विसावा नाही. यांतील तीन दालनांना सीझरच्या सुप्रसिद्ध लॅटिन उक्तीतील एकेक शब्द नाव म्हणून दिला आहे. ही नावे बेनेट फॉडी या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने सुचविली. दालनांना नावे देण्याची प्रथा मॅथ्यू स्मिथच्या १९८४ मधील 'जेट सेट विली'ची.

या कोड्याची उकल पाहताक्षणी कळते. बुद्धिबळाच्या कूटप्रश्नात चाल सुचली की काम संपते. येथे ती सुचल्यावर सुरू होते. बोटांना ती साधेपर्यंत शेकडो मरणे पत्करावी लागतात. विशेष म्हणजे ही वस्तू न मिळविताही खेळ पूर्ण करता येतो.

येथेच स्मरणरंजनाचे स्पष्टीकरण कोसळते. जुन्या खेळांतील काठिण्याच्या मुळाशी अर्थकारण होते. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात खेळाडू लवकर हरणे मालकाच्या हिताचे असे. घरगुती यंत्रात तुटपुंज्या स्मृतीत मावलेला खेळ दीर्घकाळ पुरवावा लागे. म्हणून जीव मोजके असत. 'जेट सेट विली'त एखादी चुकीची उडी घेतली तर पडता पडता सारे जीव एकापाठोपाठ संपत. कॅव्हानाहने ही शिक्षाच काढून टाकली. जीवांची गणती नाही. परतीच्या खुणा जागोजागी आहेत. मृत्यूनंतर क्षणार्धात कप्तान शेवटच्या खुणेपाशी उभा राहतो. ज्यांना हेही जड जाईल त्यांच्यासाठी गती मंद करण्याची आणि अवध्य होण्याचीही सोय ठेवली आहे. कथानक यामानाने किरकोळ आहे, पण मरताना कप्तानाचे हसरे तोंड क्षणभर रडवे होते, आणि एवढ्या चारसहा ठिपक्यांनी त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागते.

हा खेळ मुळात फ्लॅश या माध्यमात लिहिला होता. २०११ मध्ये सायमन रॉथने तो सी प्लस प्लस भाषेत उतरविला. दशकपूर्तीच्या निमित्ताने जानेवारी २०२० मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांस पाहण्यासाठी खुली करण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लॅशचा आधार अधिकृतपणे बंद झाला. संहितेत खेळाच्या असंख्य अवस्था एकाच प्रदीर्घ निवडसूत्रात ओवलेल्या पाहून अनेक तज्ज्ञांनी नाके मुरडली. एकट्याने काम करणाऱ्याची ती वही आहे, छापावयाचा ग्रंथ नव्हे, हे ध्यानात घेतले तर तीत अभ्यास करण्यासारखे पुष्कळ आहे.

खेळ संपल्यावर पडद्यावर हिशेब मांडला जातो: लागलेला वेळ, गुरुत्व किती वेळा उलटविले, मरणे किती आली, आणि ज्या दालनात ती सर्वाधिक आली त्याचे नाव.