पंचेचाळीसच्या आत

पुलगावात ऑटोमॅटिक गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. दारूगोळा भांडारात बदलून आलेल्यांच्या परराज्यांतल्या नंबरप्लेटी दिसतात, आणि विरूळहून समृद्धी महामार्गाला लागून नागपूरला ये-जा करणारे गावचे लोकही क्लचला कंटाळले आहेत. गाडीला पाच-सहा वर्षं झाली, गिअर बदलताना तिनं हलका झटका द्यायला सुरुवात केली, की मालक मिस्त्रीकडे गिअरबॉक्सच्या तेलाचा विषय काढतो. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘सीलबंद हाय न भाऊ ते, कायले हात लावता!’

मिस्त्रीचं अगदीच चूक नाही. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकेत हे तेल बदलावं लागत नाही असंच छापलेलं असतं. पण पुस्तिका आणखी दोन पानं चाळली तर ‘खडतर वापर’ असा वेगळा तक्ता सापडतो. त्यात ऊन, धूळ, रखडत चालणं, घाट, ओझं यांची यादी असते आणि पुढे लाखाच्या अलीकडे-पलीकडे किलोमीटरचा आकडा असतो. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. ती स्वतःच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, तेल बदला म्हणते. वर्धा जिल्ह्यातला मे महिना ‘खडतर’मध्ये मोडत नसेल, तर तो तक्ता छापायचंच कारण नव्हतं.

काम सुरू करण्याआधी आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची आहे ते बघावं. मारुतीनं 2014 मध्ये सेलेरिओत आणलेली आणि नंतर छोट्या गाड्यांत सर्रास झालेली एएमटी ही आतून साध्या गिअरचीच गाडी. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तेवढं एक यंत्र बसवलेलं असतं. तिच्या गिअरबॉक्सात साधं गिअर ऑइल लागतं, आणि त्या यंत्राच्या छोट्या टाकीत वेगळं हायड्रॉलिक तेल असतं. लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं नेहमीचं तेल, तिच्या गिअरबॉक्सात ओतायचं नाही. सीव्हीटीत दोन पुलींच्या मधे लोखंडी पट्टा धरून ठेवणारं खास तेल लागतं. होंडाचं एचसीएफ-2 किंवा निसानचं एनएस-3 ही त्यातली नावं. दोन क्लचवाल्या डीसीटीचा कारभार आणखी निराळा. इथं पुढे जे सांगतो ते टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या जुन्या, भरवशाच्या ऑटोमॅटिकबद्दल. क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन, डिझेल क्रेटा, नव्या ब्रेझाची सहा गिअरची ऑटोमॅटिक, ही सगळी त्याच घरातली.

या गिअरबॉक्सात तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल जोरात फेकतं, समोरच्या चाकाची पाती ते झेलतात आणि फिरायला लागतात. इंजिनाची ताकद आधी तेलातून पुढे जाते. मग तेच तेल पंपाच्या दाबानं आतले क्लच आवळतं, गिअरना वंगण देतं आणि सगळ्यांची उष्णता उचलून कूलरकडे नेतं. क्लचच्या चकत्या कायम तेलातच बुडलेल्या असतात. म्हणजे एकाच तेलानं गिअर निसटते ठेवायचे आणि चकत्या मात्र घट्ट धरू द्यायच्या, तेही हिसका न देता. हे जमवणारी रसायनं तेलात मिसळलेली असतात. एकेकाळी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं.

ही रसायनं मरतात ती उष्णतेनं. तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. गंमत अशी की समृद्धीवर शंभरच्या वेगानं एकसारखं जाण्यात तेलाला फारसा त्रास नाही, कारण तेव्हा कन्व्हर्टरची दोन्ही चाकं आतल्या आत कुलूपबंद होतात आणि एकत्र फिरतात. त्रास होतो तो बाजारच्या दिवशी, एसी लावून, ब्रेकवर पाय ठेवून मुंगीच्या पावलानं सरकताना. एक चाक फिरत असतं, दुसरं जवळजवळ थांबलेलं असतं, आणि मधलं तेल घुसळून तापत राहतं.

आता बाटली. वर्धा-पुलगाव रस्त्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘ऑटोमॅटिकचं ऑइल द्या’ म्हटलं की बहुधा लाल तेलाची बाटली पुढे येते. ती तिथं असते ती ट्रक आणि ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगसाठी. जनरल मोटर्सनं 1949 मध्ये ‘टाइप ए’ नावाचा दर्जा ठरवला, पुढे 1957 मध्ये तो सुधारला. त्या दर्जाचं तेल आपल्याकडे आजही विकलं जातं. स्टिअरिंगला ते चालतं. तुमच्या सहा गिअरच्या डब्याला मात्र टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-4, असं पुस्तिकेत लिहिलेलंच लागतं. लाल रंगाला भुलू नये. इंजिन ऑइलपासून ओळखू यावं, गळती कुठली ते कळावं, एवढ्यासाठीच तो रंग घातलेला असतो.

प्रत्यक्ष काम रॅम्पवर किंवा खड्ड्यावर करावं, गाडी चारी चाकांवर सपाट उभी असावी. पुढे चालू इंजिनाखाली जायचं आहे, त्यामुळे नुसत्या जॅकवर हे काम करणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होतं. मग एक नियम कधीही मोडू नये: भरायचा बोल्ट आधी खोलावा, काढायचा नंतर. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तुम्ही तेल आधीच सोडून दिलं असेल, तर गाडी तिथंच बसली.

ड्रेन नट खोलला की तेल येतं, पण सगळं येत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. समजा एकूण 7 लिटर आहे आणि खाली 3 लिटर आलं. मोजपात्रानं मोजून तेवढंच नवं भरलं, तर आता आत 43 टक्के नवं तेल आहे. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी असा लिव्हर फिरवला, गावाबाहेर एक फेरी मारली आणि पुन्हा तेच केलं, की 67 टक्के. तिसऱ्यांदा 81. या तीन फेऱ्यांना 9 लिटर तेल लागतं. मशीननं दाब देऊन एकदम सगळं बदलून देणारेही भेटतील. ज्या गिअरबॉक्सला लाखभर किलोमीटर कुणी हात लावलेला नाही, तिथं मला ही हळू रीतच बरी वाटते.

गिअरबॉक्सच्या तळाचं चेंबर उतरवलं तर त्यातल्या चुंबकांवर काळपट, लोण्यासारखा लेप दिसेल. घाबरायचं कारण नाही, ती झिजलेल्या लोखंडाची भुकटी आहे, पुसून टाकावी. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर तेल बदलून उपयोग नाही, आत काहीतरी मोडतंय. तेलाला करपल्यासारखा वास असेल आणि गिअर आधीच घसरत असतील, तरी तेच. अशा गाडीत नवं तेल भरलं आणि आठवड्यात ती बसली, तर दोष तेलालाच लागतो. चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेन नटचा वॉशर नवाच घालावा, आणि नट पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच, टॉर्क पान्यानं आवळावा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की मग रडायचंच.

इथवरचं काम कुणीही मिस्त्री करेल. खरी परीक्षा पातळी बघण्यात आहे, आणि पुलगावात नेमकी तिथंच गोची होते. नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. चेंबरमध्ये एक उभी नळी असते. तेल तिच्या तोंडापर्यंत आलं की जास्तीचं खालच्या बोल्टमधून बाहेर पडतं. इंजिन चालू, लिव्हर पी वर, बोल्ट काढला, धार आली, धारेचे थेंब झाले, की बोल्ट लावायचा. पण तेल तापलं की फुगतं. 20 अंशांचं 7 लिटर तेल 80 अंशांवर पाव लिटरहून जास्त वाढतं. म्हणून कंपनी तापमान ठरवून देते. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्सांना ते 35 ते 45 अंश आहे, ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्यांना 50 ते 60.

मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचं तेल इंजिन सुरू न करताच 40 च्या पुढे असू शकतं. लिव्हर फिरवून मिस्त्री खाली वाकेपर्यंत 45 ओलांडलेलं असतं. त्या फुगलेल्या तेलातलं जास्तीचं वाहून जातं, बोल्ट लागतो, सगळं बरोबर दिसतं. गार झाल्यावर तेल कमी भरतं. पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात. उलट तेल जास्त झालं तर गिअर ते घुसळून फेस करतात, आणि फेसालाही दाब धरता येत नाही. दोन्हीकडे शेवट सारखाच.

म्हणून टोयोटाच्या घरातली गाडी असेल तर इथं हे काम दोन वेळांत वाटून घ्यावं. संध्याकाळी तेल काढायच्या-भरायच्या फेऱ्या उरकाव्या, शेवटच्या फेरीत थोडं जास्तच भरावं, बोल्ट लावून गाडी तिथंच रात्रभर सोडावी. पहाटे पाचला तेल तीसच्या आसपास उतरलेलं असतं. एसी बंद ठेवून इंजिन सुरू करावं, लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवावा, आणि स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघत बसावं. इंजिनाच्या पाण्याचं नव्हे, ते वेगळं असतं. बऱ्याच गाड्यांत ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलही हे दाखवतो. 38-40 ला बोल्ट खोलला की निवांत वेळ मिळतो. जानेवारीत तर दिवसभर ही सोय आहे.

बोल्ट लावल्यावर गाडी हळूहळू सगळ्या गिअरांतून चालवावी. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जुन्या तेलाच्या हिशेबानं दाब देत आलेला असतो. त्याला नव्याशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. काही गाड्यांत स्कॅनरनं जुनं शिकणं पुसावं लागतं. दोन दिवसांनी ड्रेन नट आणि चेंबरच्या कडेला कोरडं बोट फिरवून ओल आहे का बघावं. निघालेलं काळं तेल वाळवीसाठी लाकडाला फासायला नेणारे शेजारी भेटतील, त्यांना नाही म्हणावं आणि ते गॅरेजच्या पिंपात, जुनं तेल उचलणाऱ्यासाठी ठेवावं. बॉनेटच्या आत एका पट्टीवर तारीख, किलोमीटर, तेलाचं नाव आणि किती लिटर भरलं ते लिहून चिकटवावं. पुढच्या वेळी मिस्त्री वेगळा असेल, आणि सीलबंद असल्याचं तोही सांगेलच.