हार्ड डिस्क नवी, पत्ते जुने

तुळशीचं लग्न लागलं की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर इथल्या पत्रिका छापणाऱ्या दुकानांत कोणाला जेवायलाही फुरसत नसते. आणि नेमका त्याच दिवसांत कोणाचा तरी ‘सीपीयू’ बसतो. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.) फोन येतो, “भाऊ, हे काहून चालू नाही होऊन राह्यलं? डिस्क तर नवी टाकली!”

डिस्क नवी टाकली म्हणूनच चालू होत नाही, हे फोनवर पटवणं अवघड असतं.

या दुकानांतली यंत्रं जुनी का, हे आधी सांगायला हवं, कारण कंजूषपणा हा पहिलाच गैरसमज आहे. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ सालची, आणि ती एक्सपीवर सुखाने चालते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकची आयएसएम, त्यांचे जुने फॉन्ट आणि मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं लॉक, असा तो संसार असतो. थोरल्याच्या पत्रिकेत नावं आणि तिथी बदलली की धाकट्याची पत्रिका तयार. त्या फायली हेच दुकानाचं भांडवल. पुढे नेट आणि बँकेसाठी त्याच डिस्कवर विंडोज ७ बसलं. मग शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या पोराने सुट्टीत लिनक्स टाकलं. एका डब्यात तीन बिऱ्हाडं झाली, आणि सकाळी बटण दाबलं की ‘कोणाकडे जायचं?’ असं विचारणारा ग्रबचा मेन्यू दारात उभा राहू लागला.

“ग्रब रेस्क्यू आलं, म्हणजे सगळं उडालं. फॉरमॅट मारा.”

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द दिसले, तर त्याचा अर्थ जवळजवळ उलटा असतो. डिस्क वाचली गेली, तिच्यावरचा पहिला प्रोग्राम चाललासुद्धा, फक्त त्याला पुढचं घर सापडलं नाही.

जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी, उरलेले २ खुणेसाठी. तक्त्यात १६-१६ बाइट्सच्या चारच ओळी मावतात, म्हणून मुख्य पार्टिशनंही चारच. ४४६ बाइट्समध्ये ग्रबसारखा प्रोग्राम मावत नाही, तेव्हा तो तीन ठिकाणी राहतो. पहिला तुकडा या सेक्टरात. दुसरा, पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्या मधल्या पडीक पट्टीत. दोन वावरांमधला धुराच समजा, कोणाच्याच नावावर नसलेला. तिसरा, म्हणजे मेन्यू आणि बाकी पसारा, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. रेस्क्यूची स्क्रीन दिसते तेव्हा पहिले दोन जागेवर असतात आणि तिसरा सापडत नसतो.

आता दुकानात काय घडलेलं असतं? कोणीतरी सी, डी, ई ड्राइव्ह एकेक करून नव्या डिस्कवर ‘कॉपी मारले’. वावरं आली, धुरा मागेच राहिला. अशा वेळी तर ग्रबचं नावही दिसत नाही. नुसती लुकलुकणारी रेघ, किंवा बूट करण्याजोगं काही सापडलं नाही असा बायोसचा निरोप. फायली मात्र जागच्या जागी असतात. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करा, ड्राइव्ह उघडा; पत्रिका दिसतील. फॉरमॅट मारलं की मग मात्र खरंच गेलं.

याच्याच जोडीचा दुसरा समज: ‘फिक्सएमबीआर दिलं की लिनक्स मरतं.’ ती आज्ञा पहिल्या सेक्टरातला प्रोग्राम बदलते, तक्त्याला हात लावत नाही. एक्सपीचा रिकव्हरी कन्सोल ग्रब बघून बिचकतो आणि पार्टिशन धोक्यात येतील असा इशारा देतो, त्याने लोक घाबरतात. आज्ञेनंतर लिनक्स दिसेनासं होतं, कारण दारातला माणूस बदलला; घर तिथंच असतं. पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवलं की ते परत दिसतं. मात्र ते बसवायचं अख्ख्या डिस्कवर, पार्टिशनवर नव्हे. आणि पुन्हा बसवलेलं ग्रब ताजं असेल, तर मेन्यूत विंडोज न दिसणं हाही बिघाड नाही. ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याची सवय मुळातच बंद ठेवलेली असते. सेटिंगमधली एक ओळ बदलून ती चालू करायची आणि मेन्यू नव्याने बनवायचा.

“तिघांपैकी एक चालतं, दोन चालत नाहीत. म्हणजे डिस्क अर्धी खराब.”

खरी गंमत इथे आहे. तिन्ही सिस्टिम आपलं घर तीन वेगळ्या रीतींनी ओळखतात.

एक्सपीची रीत खेड्यातली. ‘वेशीतून आत आलं की दुसरं घर.’ बूट डॉट आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेलं असतं: अमुक डिस्क, अमुक क्रमांकाचं पार्टिशन. नव्या डिस्कवर पार्टिशन पाडताना क्रम इकडचा तिकडे झाला, की एक्सपी शेजाऱ्याच्या दारात जाऊन आपलं सामान शोधतं आणि निरोप देतं, ‘हाल डॉट डीएलएल सापडत नाही’. मग लोक ती फाइल कुठून तरी आणून टाकतात. फाइल हरवलेलीच नसते. लिनक्समधून ती आयएनआय फाइल उघडून एक आकडा बदलला, की बऱ्याचदा काम होतं.

विंडोज ७ ची रीत सातबाऱ्याची. पहिल्या सेक्टरातल्या त्या ४४६ बाइट्सच्या शेपटाला ४ बाइट्सची एक खूण असते, डिस्कची सही. विंडोज ७ च्या नोंदवहीत ती सही आणि पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे, हे दोन्ही लिहिलेलं असतं. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला आणि हातात जुना उतारा राहिला, तर तलाठी काय करील? शेत तेच, माती तीच, पण कागद जुळत नाही. विंडोज ७ तेच करतं आणि शून्य-एक्स-सी-शून्यांनी सुरू होणारा क्रमांक दाखवून थांबतं. मूळ डीव्हीडीवरची स्टार्टअप दुरुस्ती हा उतारा नवा करून देते. कधीकधी ती दोन-तीनदा चालवावी लागते, तेव्हा पहिल्या खेपेला हिरमुसू नका.

लिनक्सची रीत आधार क्रमांकाची. प्रत्येक पार्टिशनला फॉरमॅटच्या वेळी एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि लिनक्स तोच शोधतं. डिस्क बदलो, क्रम बदलो, त्याला फरक पडत नाही. पण नवं पार्टिशन फॉरमॅट करून आत नुसत्या फायली ओतल्या, तर तो नवा जन्म आणि नवा क्रमांक. लिनक्स जुन्या माणसाची वाट बघत बसतं.

म्हणून अशा यंत्रासाठी तुकड्यातुकड्याने कॉपी न करता अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी उतरवून घेणं बरं. तिन्ही पत्ते त्यात आपोआप येतात. नवी डिस्क मात्र जुनीइतकी किंवा मोठी हवी. ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर अशी उतरत नाही, हे दुकानातून घेऊन आल्यावर कळतं.

“जुनी डिस्कही लावून ठेवू, अडल्यानडल्याला कामी येईल.”

नका ठेवू, निदान पहिल्या दिवशी तरी. हुबेहूब नक्कल केली म्हणजे सही सारखी आणि लिनक्सचे क्रमांकही सारखेच. एका गावात एकाच आधार क्रमांकाची दोन माणसं. विंडोज ७ दुसऱ्या डिस्कला ऑफलाइन ठेवतं. तुम्ही ती हौसेने ऑनलाइन केलीत, की तिची सही बदलून टाकतं आणि मग ती डिस्क स्वतःहून सुरू होण्याच्या कामाची राहत नाही. एक्सपी ड्राइव्हची अक्षरं सहीवरून लक्षात ठेवतं. दोन्ही डिस्क दिसल्या तर ते नव्या डिस्कला भलतंच अक्षर देऊन बसतं आणि लॉगिनपाशी घुटमळत राहतं. लिनक्सचं तर आणखी वाईट, ते दोन्हींतल्या कुठल्याही डिस्कवर मुकाट्याने जातं. दिवसभर पत्रिका केल्या, संध्याकाळी जुनी डिस्क काढून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका गायब. त्या कपाटात असतात.

“निळी स्क्रीन आली, म्हणजे नवी डिस्क डुप्लिकेट.”

एक्सपीच्या निळ्या स्क्रीनवर क्रमांकाच्या शेवटी ‘७बी’ दिसलं, तर डिस्क विकणाऱ्याशी भांडायला जाण्याआधी घड्याळ बघा. यंत्र २००२ किंवा २००५ साल दाखवतंय? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा चपटा सेल संपलाय. इतकी वर्षं पाठीमागचा वीजपुरवठा चालू होता म्हणून कळलं नाही. डिस्क बदलायला दोन दिवस केबल काढून ठेवली आणि बायोस सगळं विसरला. विसरला म्हणजे कारखान्यातल्या सेटिंगवर गेला. काही बोर्डांवर त्यात साटाची, म्हणजे डिस्कशी बोलण्याची, पद्धत आयडीईवरून एएचसीआय होते, आणि एक्सपीच्या मूळ सामानात एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. दाराचं कुलूप बदललं, किल्ली जुनी. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन पद्धत पूर्ववत करा, बूटचा क्रम बघा. किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलपायी मदरबोर्ड बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

थोडं मागे जातो, कारण खरा घोळ बहुधा डिस्क बदलण्याआधीच झालेला असतो. जुनी डिस्क टकटक आवाज करू लागली की पहिला सल्ला मिळतो, ‘चेकडिस्क मारा.’ मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन् तास चालणारी ती तपासणी म्हणजे आजारी बैलाला आणखी एक पाळी हाकलणं. शिवाय ती खराब जागी सापडलेल्या नोंदी ‘दुरुस्त’ करते, म्हणजे लिहिते, आणि वाचवता आलं असतं तेही कधीकधी जातं. आधी नक्कल, मग तपासणी, आणि तीही नकलेवर. लिनक्समधलं डीडी-रेस्क्यू याच कामाचं आहे. ते धडधाकट भाग आधी उचलतं, हट्टी सेक्टर शेवटी बघतं, आणि कुठवर आलं त्याची नोंद ठेवतं. घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे उन्हाळ्यात वीज गेली, तरी त्या नोंदीमुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

दुसरा सल्ला, ‘पॉलिथिनमध्ये गुंडाळून फ्रीजात ठेवा.’ मे महिन्यात खामगाव-मलकापूरच्या हवेत ती गारढोण डिस्क बाहेर काढली, की तिच्यावर दव धरतं. डिस्क म्हणजे कुल्फी नव्हे.

आकाराबद्दल थोडक्यात. एमबीआर, म्हणजे वर सांगितलेल्या चार ओळींच्या तक्त्याच्या पद्धतीत साधारण २.२ टीबीच्या पुढचं गाठता येत नाही, आणि ३२-बिट एक्सपीला जीपीटी ही नवी पद्धत वाचता येत नाही. तेव्हा नवी डिस्क ‘एमबीआर की जीपीटी’ विचारील तर या यंत्रासाठी उत्तर एमबीआर. मूळ २००१ च्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढचं दिसत नव्हतं. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून दिसू लागलं. डिस्क नवी असूनही रांगत असेल, तर ती नकली असेलच असं नाही. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, आणि आजच्या डिस्कच्या आतले खरे सेक्टर ४,०९६ बाइट्सचे असतात. रेघा जुळत नाहीत, एकेका लिहिण्याला दोन-दोन खेपा पडतात. पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू होत नसेल तर पोर्टला दोष देऊ नका. उबंटूने ३२-बिट डेस्कटॉप २०१७ मध्येच बंद केलं, आणि तुमचा प्रोसेसर तितका जुना, म्हणजे फक्त ३२-बिटचा, असू शकतो.

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर. पत्रिका करायला एक्सपी खुशाल वापरा, पण त्याला नेटची वायर लावू नका. आणि बँकेचं काम आता त्या विंडोज ७ वरही नको.

“फायली पेनड्राइव्हवर आहेत ना, मग झालं.”

नाही झालं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलीत मराठी अक्षरं नसतातच. असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, ज्यांना तो फॉन्ट मराठी रूप देतो. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी दिसतं आणि माणूस म्हणतो, फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते, फॉन्ट जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरात राहिलेला असतो. म्हणून नकलेच्या आधी फॉन्टचं फोल्डर वेगळं काढा, आणि छापून झालेल्या प्रत्येक पत्रिकेची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा.

आणि ते प्रिंटरच्या पोर्टातलं लॉक. ते डिस्कवर नसतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने त्याला काही होत नाही. एका दुकानात तिन्ही सिस्टिम सुरू झाल्या, फॉन्ट आले, फाइल उघडली, आणि सॉफ्टवेअर म्हणालं, लॉक सापडत नाही. डबा उघडताना पुसून-झाडून घेतलं होतं. पोर्टातला तो ‘प्रिंटरचा जुना तुकडा’ दिवाळीच्या भंगारात चाळीस रुपये किलोने गेला होता.