टाकीतला गंज

तात्यांच्या पडवीत एक जुनी फटफटी तीन वर्षे उभी होती. मुलीला शिकायला तालुक्याला जायचे होते, म्हणून तात्यांनी ती बाहेर काढली. थोडे पेट्रोल घातले, किक मारली. फटफटी वेशीपर्यंत गेली आणि बंद पडली.

मिस्त्री आले. त्यांनी उन्हात टाकीचे झाकण उघडून आत पाहिले. तळाला तांबडा भुगा होता.

"तात्या, टाकी गंजली आहे. हा भुगा कार्बोरेटरच्या बारीक भोकात अडकतो. मग इंजिनाला पेट्रोल मिळत नाही."

"पण टाकीत पाणी आलं कुठून?"

"हवेतून. टाकी अर्धी रिकामी असली, की वरच्या जागेत हवा असते. रात्री पत्रा गार पडतो. हवेतल्या वाफेचे थेंब होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली, की गंज चढलाच. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. तेही पाणी ओढून घेतं."

"मग पेट्रोल ओतून देतो आणि टाकी चुलीवर शेकून वाळवतो."

मिस्त्रींनी तात्यांचा हातच धरला. "असं कधी करू नका! रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची. तिच्यात पेट्रोलची वाफ असते. ठिणगी पडली तर टाकी फुटते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत लांबच्या चुलीपर्यंतही जाते."

मग मिस्त्रींनी सांगितले तसे तात्यांनी केले. आपणही तसेच करावे.

टाकी उघड्यावर न्यावी. जवळ विडी नको, चूल नको. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढावे. खालची तोटी काढून भोकाला घट्ट बूच मारावे. धुण्याची पूड आणि पाणी घालून टाकी चार-पाच वेळा धुवावी. तेलकटपणा राहिला, तर पुढचे औषध गंजापर्यंत पोचत नाही. हे पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा गुरांच्या डोणीत जाऊ देऊ नये.

नंतर आत थोडे पाणी आणि मूठभर नट टाकून टाकी हलवावी. सुटा गंज निघतो. नट मोजून टाकावे, मोजून काढावे.

आता औषध. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व विरघळवावे. त्याने टाकी काठोकाठ भरावी. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. झाकण लावू नये, कारण आत वायू तयार होतो. तोही पेट घेतो. अधूनमधून आत पाहावे. गंज गेला की पाणी काढावे. एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर चांगला पत्राही झिजतो. संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. ते पत्रा खाते आणि अंग भाजते.

मग टाकी साध्या पाण्याने धुवावी. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी, म्हणजे उरलेला आंबटपणा जातो. पुन्हा साधे पाणी फिरवावे. लगेच उन्हात उपडी घालून पंपाने वारा मारावा. इथे आळस नको. उघडा ओला पत्रा थोड्याच वेळात पुन्हा तांबडा होतो. वाळल्यावर थोडे इंजिन ऑईल आत फिरवून काढून टाकावे. तोटीची जाळी साफ करावी. पेट्रोलच्या नळीला नवा फिल्टर बसवावा.

गंज गेल्यावर कुठे बारीक भोक दिसले, तर घरी डाग देऊ नये. जाणत्या कारागिराकडे जावे आणि टाकीत पेट्रोल होते, हे त्याला आधी सांगावे.

तात्यांची फटफटी आता रोज तालुक्याला जाते. पावसाळ्यात ती फार दिवस उभी ठेवायची झाली, तर तात्या टाकी भरून ठेवतात. टाकीत हवा थोडी राहिली, की पाणी थोडे धरते. आणि पाणी थोडे, तर गंजही थोडा.