वाशिमची सून परदेशी असेल तर व्हिसाची मुदत कशी वाढवायची?

भारतीयाशी लग्न झालं म्हणून लगेच नागरिकत्व मिळत नाही. वाशिमच्या घरात सून म्हणून आलेली परदेशी मुलगी इथे राहते ती व्हिसावरच. भारतीयाच्या जोडीदारासाठी असतो एक्स-२ व्हिसा.

मुदतवाढीचा अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. पासपोर्ट, सध्याचा व्हिसा, फोटो, पत्त्याचा आणि नवऱ्याच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा तयार ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नपत्रिकेवर भागत नाही, म्हणून नोंदणी आधी उरका.

अर्ज मुदत संपण्याआधीच करा, नाहीतर दंड भरावा लागू शकतो. नोंदणी झालेलं लग्न सलग २ वर्षं टिकलं, की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान, बांगलादेशच्या नागरिकांना मात्र ही सोय नाही. कार्ड मिळालं की मुदतवाढीची धावपळ थांबते.