प्रकाशाने घट्ट होणारे लेप आणि त्यांची पारख

दाराला लावलेला तेलरंग वाळण्यास दिवसभर लागतो, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यातील टर्पेंटाइन उडून जाते आणि तेल हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश कठीण होते. परंतु पुस्तकांच्या वेष्टनांवर व औषधांच्या खोक्यांवर दिसणारा चकचकीत लेप पुष्कळदा जंबुपार किरणांखाली सेकंदभरात तयार झालेला असतो.

या लेपात इपॉक्सी अथवा युरेथेन अ‍ॅक्रिलेटची दाट राळ, तिला पातळ करणारे हलके अ‍ॅक्रिलेट आणि थोडासा प्रकाशारंभक असतो. पाऱ्याच्या दिव्याचे किरण पडताच प्रकाशारंभकापासून क्रियाशील मूलके निर्माण होतात व रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार होते. पातळ करणारा द्रवही त्या जाळ्यातच गुंतत असल्याने हवेत उडून जाण्यासारखे फारसे काही उरत नाही. मात्र हवेतील प्राणवायू ही क्रिया रोखतो, त्यामुळे पृष्ठभाग चिकट राहू शकतो. रंगद्रव्य अधिक असल्यास उलटाच प्रकार घडतो: वरून कोरडा, तळाशी कच्चा.

म्हणून पारख आवश्यक ठरते. मिथिल एथिल कीटोनमध्ये भिजविलेल्या कापडाने घासल्यास कच्चा पापुद्रा लवकर निघून येतो. कठीणपणा ६बी ते ६एच अशा चढत्या श्रेणीच्या पेन्सिलींनी ओरखडून ठरवितात. साधन शाळेतले, पण कसोटी आंतरराष्ट्रीय मान्यतेची. चिकटपणासाठी पात्याने उभे-आडवे सहा-सहा छेद देऊन पंचवीस चौकोन पाडतात, त्यांवर चिकटपट्टी लावून ओढतात आणि किती चौकोन उखडले ते पाहून ० ते ५ असा क्रम देतात. येथे ० सर्वोत्तम. फार कठीण केलेला लेप पत्रा वाकविताच तडकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तथापि या कसोट्यांत उतरलेला लेप अन्नाच्या वेष्टनासाठी निर्धोक असतोच असे नाही. २००५ साली इटलीत लहान मुलांच्या दुधात आयसोप्रोपिल थायोझँथोन हा शाईतील प्रकाशारंभक आढळला आणि दुधाचे साठे जप्त करावे लागले. छापलेला कागद गुंडाळून ठेवला असता त्याची बाहेरची बाजू आतल्या बाजूस टेकली होती व तेथून हा पदार्थ आत उतरला. आढळलेल्या प्रमाणात आरोग्यास धोका नाही, पण तो अन्नात असणे इष्टही नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हटले. जाळ्यात न गुंतलेला असा अवशेष पेन्सिलीला सापडत नाही. त्यासाठी वेष्टन अन्नासारख्या द्रवात ठेवून, त्यात काय झिरपते याचे रासायनिक पृथक्करणच करावे लागते.