यादीबाहेरच्या बाळंतिणी

महाराष्ट्रात २००१-०३ च्या सुमारास लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० पर्यंत हा आकडा ३३ वर आला. देशाचा तेव्हा ९७ होता. कोल्हापूर तर दूध-उसाचा सधन जिल्हा. आशाताई घरी येते, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची खास तपासणी होते, १०२ ची गाडी मिळते, अडलेली बाई कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोचते. मात्र ही सगळी साखळी गावच्या यादीत नाव असलेल्या बाईसाठी आहे.

दिवाळी सरता सरता बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, त्यांतल्या बायकांची नावं या यादीत सहसा नसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच अंगावर, खाडा झाला की पैसे कापले जातात. मग सातव्या-आठव्या महिन्यातही बाई पहाटे फडात उतरते. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. फडात आडोसा नसतो, म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि कळा वेळेआधी सुरू होण्याचा धोका वाढतो. फड बदलला की आशाताई बदलते, तपासणीचं कार्ड गावाकडे राहिलेलं असतं. मागच्या महिन्यात रक्तदाब किती होता, हे नव्या डॉक्टरांना कोण सांगणार?

हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की गर्भवतीला रक्तक्षय आहे असं मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या सुमारे ४६ टक्के गर्भवती अशा निघाल्या. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, पण मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून त्या सुटतात. जेवणाबरोबरचा चहा उरलंसुरलं लोहही अंगी लागू देत नाही. आधीच रक्त कमी असलेली बाई बाळंतपणातला रक्तस्राव सोसू शकत नाही.

त्यात कोयता जुळावा म्हणून मुलीचं लग्न अठराच्या आत उरकलं जातं. अंगानं पुरती न भरलेली ही मुलगी पहिल्याच हंगामात पोटुशी राहते.

पश्चिमेकडच्या शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्यात अडचण वेगळी. गगनबावडा कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण डोंगरातल्या धनगरवाड्यांपासून डांबरी रस्ताच लांब. धो धो पावसात बाळंतीण डोलीतून खाली आणावी लागते. प्रसूतीनंतर रक्त थांबलं नाही तर हाती एक-दोन तासच असतात.

यावर उपाय महाराष्ट्रातच सापडलेले आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ‘लॅन्सेट’नं ते जगापुढे मांडलं. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघरं’ उभी राहिली, तिथं दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहते. धनगरवाड्यांसाठी अशी सोय पावसाळ्यापूर्वी तयार हवी. आणि साखर कारखान्यांनी गव्हाणीत मोळी टाकून गाळप सुरू केलं की त्याच आठवड्यात टोळ्यांच्या तळावरच्या प्रत्येक गर्भवतीचं नाव, महिना आणि हिमोग्लोबिन जवळच्या आरोग्य केंद्राच्या वहीत उतरायला हवं. तपासणीच्या दिवसाचा तिचा खाडाही मुकादमानं धरता कामा नये.